मारुतीच्या कमरेपर्यंत

(दृश्य : स्वयंपाकघराचा ओटा. शेगडी बाजूला सारलेली. ओट्यावर प्लायवूडची फळी, तिला दाराच्या दोन बिजागऱ्यांनी जोडलेली लाकडी चौकट.)

पावसाचा जोर वाढला की नाशकात घरोघरी एकच चौकशी असते. "मारुतीच्या कुठपर्यंत आलं?" गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं ते बातम्यांत सांगतात, पण त्या आकड्यावरून आम्हाला काही उमगत नाही. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, हे मात्र लगेच उमगतं. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती बुडायला लागला की सराफ बाजारातल्या दुकानदारांची धावपळ सुरू होते. २००८ च्या सप्टेंबरातला पूर आणि २ ऑगस्ट २०१६ चा पूर, दोन्ही आम्ही असेच मोजले.

त्या मारुतीचं चित्र मी या ओट्यावर स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे जाळीतून शाई उतरवून, छापते. पोस्टकार्डाएवढं, १४ बाय ९ सेंटीमीटर.

छपाई या गावाला नवी नाही. नाशिक रोडची इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ ची. देशाची टपाल तिकिटं तिथे छापतात, पासपोर्टही. शेजारच्या प्रेसमध्ये नोटा. तिथे कागदाच्या तुकड्यातुकड्याचा हिशोब असतो. माझ्या ओट्यावर मात्र हिशोब इतकाच, की चारच्या चहाआधी सगळं आवरायचं.

(दृश्य : चौकट जवळून. जाळीवर बोटाची टिचकी. आवाज.)

हा आवाज ऐका. जाळी डफासारखी वाजली पाहिजे. पॉलिस्टरची जाळी आहे, सेंटीमीटरला १२० धागे. सैल राहिली तर रेघ फाकते. लग्नपत्रिका छापणारे आमचे मामा नवी चौकट हातात आली की आधी टिचकी मारायचे, मगच बोलायचे.

ताणलेल्या जाळीवर अंधाऱ्या खोलीत फोटो इमल्शनचा पातळ हात द्यायचा आणि ती कपाटात वाळवायची. ट्रेसिंग पेपरवर गडद काळ्या शाईने काढलेलं चित्र त्यावर ठेवायचं, वर जुन्या फोटोफ्रेमची काच, आणि थेट गच्चीवर. ऊन लागतं तिथलं इमल्शन घट्ट होतं. काळ्या रेघेखालचं कच्चं राहतं, ते पाण्याने धुऊन जातं. तेवढीच जाळी मोकळी होते आणि तेवढ्यातूनच शाई उतरते. माझ्या इमल्शनला मार्चच्या उन्हात दीड मिनिट पुरतं. श्रावणात एका ढगाने सगळा अंदाज चुकतो. म्हणून पावसाळ्याचं चित्र मी उन्हाळ्यातच तयार करते.

जपानमध्ये रिसो कंपनीने १९७७ मध्ये घरच्या घरी हे करायचं छोटं यंत्र काढलं होतं, प्रिंट गोक्को. त्यात उन्हाचं काम फ्लॅशचे बल्ब करायचे. नववर्षाची शुभेच्छापत्रं लोक त्यावर स्वतः छापत. २००८ मध्ये ते यंत्र बनणं थांबलं. माझ्याकडे गच्ची आहे आणि नाशिकचं ऊन आहे, माझं काही अडत नाही.

(दृश्य : चौकटीखाली दोन रुपयांचं नाणं सरकवणारा हात. मग स्क्विजी.)

हे नाणं विसरायचं नाही. जाळी कागदाला टेकून राहिली तर कागद चिकटतो आणि रंग पसरतो. स्क्विजीची रबरी धार तिरकी धरायची, एका दमात स्वतःकडे ओढायची. मध्ये थांबलात तर तिथे पट्टा उमटतो. शाई पाण्यातली आहे, वास नाही, पण आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ती जाळीतच वाळते आणि छिद्रं बुजतात. म्हणून ओलं फडकं हाताशी हवं.

आधी शेंदरी. तो मारुती.

मग दुसरी चौकट, निळी. ते पाणी.

पहिल्या खेपेला पाणी गुडघ्यापर्यंतच ठेवायचं होतं. कागद अडवायला लावलेली खालची पट्टी सुटली, कार्ड खाली घसरलं, आणि चौकट उचलली तर पाणी कमरेला. पायांशी पांढरी पट्टी उघडी राहिलेली. कार्ड वाया गेलं म्हणून बाजूला ठेवलं आणि रात्री पुन्हा हातात घेतलं. पाणी चढलं होतं! खरंच चढलं होतं.

तेव्हा निळ्याची नवी चौकट केली, कार्डाहून बरीच लांब. आता कार्डाखाली रद्दी पेपर अंथरायचा आणि खालची पट्टी मुद्दाम सरकवायची. कार्ड जितकं खाली, तितकं पाणी वर. उरलेलं निळं रद्दीवर जातं.

(दृश्य : ओलं कार्ड अगदी जवळून. शेंदरावर निळा चढलेला भाग.)

इथे पाहा. निळ्यात पारदर्शक बेस मिसळलेला आहे. पांढऱ्या कागदावर तो निळाच दिसतो, पण शेंदरावर आला की मातकट होतो. पुरात आमची गंगा, म्हणजे गोदावरी, अशीच दिसते, गढूळ. हा तिसरा रंग मी छापलेला नाही. दोन रंग एकमेकांवर पडले आणि तो आपोआप आला. या एवढ्या जागेसाठी मी अख्खी दुपार ओट्याशी उभी राहते.

(दृश्य : खिडकीबाहेर पाऊस. दोरीवर चिमट्यांना ओळीने लावलेली कार्डं : पाऊल, गुडघा, कंबर, छाती, गळा. शेवटचं नुसतं निळं-मातकट, वर शेंदराची बारीक कड.)

ऑगस्टातली संध्याकाळ. माझे हे घाटाकडून भिजून आलेत. तेवढ्यात खालच्या मजल्यावरून काकूंची हाक येते, "अगं, कुठपर्यंत आलं?"

मी यांच्याकडे बघते. ते छत्री झटकता झटकता दोरीवरचं चौथं कार्ड काढून माझ्या हातात देतात.

"छातीला, काकू!"