तिकीट काढून बसा

(लाखांदूर तालुक्यातल्या एका गावी, मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवशी संध्याकाळी वाचनालयाच्या अंगणात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

नमस्कार जी. आज मंडई. दिवसभर जिलबी खाऊन झाली, सोयरेधायरे भेटून झाले, आता रात्री नाटक. मधल्या वेळात एका रिटायर ड्रॉइंग मास्तरला बोलू द्यायचं असं वाचनालयाच्या पोरांनी ठरवलं. विषय दिला ‘समाजात कलेचं स्थान’. एवढं मोठं गाठोडं मला उचलणार नाही. मी आपला एका लाकडी नंदीपासून सुरुवात करतो.

नोकरीतलं माझं दुसरं-तिसरं वर्ष असेल. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लाकडी नंदी घेऊन फिरायचा पोरांचा पोळा, म्हणून पोराला नंदी पाहिजे होता. गावातल्या सुताराकडे गेलो. भाव ठरला साठ रुपये. मी समोर बसून पाहत होतो. सागाचा ठोकळा, त्यातून वाकसानं आधी पाठीची रेघ निघाली, मग वशिंड, मग मानेची पोळी. चार पाय, खाली पाट, पाटाला चाकं. सगळं तयार, फक्त डोळे बाकी. तेवढ्यात मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, पन्नास घ्या ना.

सुतारबाबा काही रागावला नाही. पटाशी खाली ठेवून म्हणाला, “दहा कमी देता तं द्या जी मास्तर. मंग मी एकच डोरा काढतो.”

डोरा म्हणजे डोळा, पाहुण्यांसाठी सांगतो. आपल्या झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो.

मी मुकाट्यानं साठ दिले. त्यानं सगळ्यांत बारीक पटाशी घेतली, नंदीचं तोंड स्वतःकडे वळवलं आणि डोळा कोरताना श्वास रोखून धरला. दोन्ही डोळ्यांना मिळून दहा मिनिटं लागली असतील. तोवर ते सागाचं लाकूड होतं. त्यानंतर माझ्या पोरानं त्याच्यासमोर चारा ठेवला. आणि शाळेत पोरांना ‘कलेची कदर करा’ असं शिकवणारा मास्तर कोण? तर मीच. असो.

‘कला’ या शब्दाचा जुना अर्थ अंश, भाग. चंद्राच्या कला म्हणतो ना आपण, सोळा कला, तेच. वात्स्यायनानं चौसष्ट कलांची यादी दिली आहे. त्यात गाणं, नाच, चित्र तर आहेच, पण स्वयंपाक आहे, हार गुंफणं आहे, पोपट-मैनेला बोलायला शिकवणं आहे, आणि तक्षण आहे. तक्षण म्हणजे आपलं सुतारकाम. कोंबड्यांची झुंजसुद्धा आहे! आपला शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, तेवढा राहिला. तर सुतार एकीकडे आणि कलाकार दुसरीकडे, ही वाटणी त्या यादीत नाही. पुढे आपण ती केली. ज्याचा फोटो पेपरात येतो तो कलाकार, आणि ज्याच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करता येते तो कारागीर.

मला आज पैशाबद्दलच बोलायचं आहे. कला पाहिजे असेल तर तिचे पैसे कोणीतरी मोजावे लागतात. कलेवर बोलणारे लोक पैशाचं नाव निघालं की आवाज बारीक करतात.

अजिंठा आपण सहलीला पाहून येतो. ती लेणी कोरायला धान्य कुठून आलं? सोळाव्या लेण्याच्या शिलालेखात देणाऱ्याचं नाव आहे, वराहदेव. वाकाटक राजा हरिषेणाचा तो मंत्री. या वाकाटक शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशीम. पाचव्या शतकात वऱ्हाडातल्या शेतकऱ्यानं भरलेला सारा त्या चित्रांच्या रंगात मिसळला आहे, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. आणि तिथेच चोवीस नंबरचं लेणं पाहा. खांब अर्धे, भिंती खडबडीत, छिन्नीचे घाव तसेच. हरिषेण गेला, राज्य कोसळलं, देणाऱ्यांचे हात थांबले आणि काम जिथल्या तिथे राहिलं, असं अभ्यासक मांडतात. मार्गदर्शक तिथे फार वेळ थांबू देत नाहीत. मी मात्र पोरांना मुद्दाम तिथेच उभं करायचो.

आता कोणी म्हणेल, मास्तर, गाडगेबाबांच्या कीर्तनाला कुठे तिकीट होतं? नव्हतं. पण त्या कीर्तनानंतर माणूस तसाच उठून जात नसे. बाबा दिवसा गाव झाडायचे, रात्री त्याच गावाला प्रश्न विचारून विचारून बोलतं करायचे. लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. बाबांनी स्वतःसाठी ठेवलं काय, तर खापर आणि खराटा.

आणि अगदी काटकसरीचं टोक पाहायचं तर सेवाग्रामला जा. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले. कुडाच्या भिंती, मातीचा लेप, जमिनीवर चटई. त्या भिंतीवरही त्यांच्या शिष्या मीराबेननं मातीच्या उठावात ताडाची झाडं काढली, चरखा काढला. त्या माणसाच्या घरात खुर्ची नव्हती, चित्र होतं.

आता आपल्या नाटकाकडे येतो, कारण तुमचं लक्ष घड्याळाकडे लागलं आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, ही आपली झाडीपट्टी. धान निघालं की आपल्याकडे नाटक उभं राहतं. दिवाळीपासून होळीपर्यंत. नदीच्या पलीकडे वडसा, तिथे कंपन्यांची हापिसं. गावचं मंडळ तिथे जातं, तारीख धरतं, इसार देतं. नफा झाला तर देवळाचा कळस नाहीतर शाळेची भिंत. तोटा झाला तर मंडळाची पोरं घरच्यांच्या शिव्या खातात. लेकीजावई मुक्कामाला. घरात झोपायला जागा उरत नाही, म्हणून पहाटेपर्यंत नाटक पाहणं सोयीचंही पडतं!

शहरातले मित्र मला विचारायचे, हे असं रडकं, भडक नाटक तू रात्रभर पाहतोस? खरं सांगतो, पहिली दोन वर्षं मीही नाक मुरडलं. नंतर लक्षात आलं की वर टांगलेल्या माइकखाली उभा राहून, बाजूच्या ऑर्गनवाल्याच्या सुरात सूर लावून, हजारो लोकांना थंडीत पहाटेपर्यंत जागं ठेवणं ही येड्यागबाळ्याची गोष्ट नाही. शेवटच्या रांगेतली म्हातारी पेंगली की नटाला वरून कळतं, आणि तो आवाज चढवतो. मध्येच उगाच घुसवलेले नाच मला अजूनही आवडत नाहीत. ते मंडळ मागतं म्हणून कंपनी देते, हेही मला माहीत आहे. म्हणजे तिथेही देणाऱ्याचाच हात.

सरकारचं लक्ष इकडे उशिरा गेलं. २०२३ साली आपल्या झाडीपट्टीच्या डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. पण त्याआधी कित्येक वर्षं ही रंगभूमी जगली ती अनुदानावर नव्हे, तुमच्या धानाच्या पैशावर. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या, तेव्हा लोक म्हणाले, नाटक ठेवायचं ते पटाच्या निमित्तानं, आता पट नाही तर नाटक कसलं? पट थांबला. डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं शर्यतींना परवानगी देणारा कायदा मान्य केला. मधल्या वर्षांत नाटकं बंद पडली नाहीत. गावांनी पटाऐवजी मंडईचं निमित्त धरलं. थांबली ती कोरोनात, आणि तेव्हा रंगभूषा करणारा, पडदा ओढणारा, जनरेटरवाला, सगळे रोजीला गेले. नट काय करतो हे लोक विचारत होते. पडदा ओढणाऱ्याला कोणी विचारलं नाही.

तो सुतारबाबा आता नाही. बाजारात प्लॅस्टिकचा नंदी मिळतो, डोळे छापलेले. माझ्या नातवाकडे तो आहे, आणि तो त्याच्यावर खूश आहे, हेही सांगितलं पाहिजे. जुना नंदी माळ्यावर होता, एक चाक तुटलेलं. पोरगं वर चढून तो घेऊन आलं आणि म्हणालं, आजोबा, हा माझ्याकडे पाहते.

झालं, ऑर्गन जुळवायला लागले. मंडळानं दुपारी मला फुकटचा पास दिला होता. आज काय बोलायचं ते ठरल्यावर तो परत करावा लागला. पुढच्या खुर्च्या संपल्या होत्या, खालच्या बिछायतीचं तिकीट मिळालं. घोंगडी कोणाकडे जास्तीची असेल तर सांगा.