कट्ट्यापासून ताटापर्यंत

मंडळी, शालेय पोषण आहाराचा विषय निघाला की बोलणं लगेच पदार्थांवर जातं. पुलाव की मसालेभात, अंडं की केळं. आज पदार्थांवर बोलत नाही. सरकारकडून येणारा तांदूळ, डाळी-कडधान्यं आणि तेल शाळेच्या दारात उतरल्यावर ताटात पडेपर्यंत त्यांचं काय होतं, एवढंच बघू. आहार सुधारायला सर्वांत जास्त वाव तिथेच आहे, आणि त्यासाठी नव्या शासन निर्णयाची वाट बघावी लागत नाही.

आधी हिशेब. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला याच्या दीडपट. लहान मुलांना यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, मोठ्यांना ७०० आणि २०, अशी अपेक्षा आहे. ही १२ ग्रॅम येतात कुठून? सात-आठ तांदळातून, साडेचार-पाच डाळीतून. म्हणजे काटा जेमतेम बारावर टेकतो, शिल्लक काही नाही. शिवाय तांदळाच्या प्रथिनात लायसिन हा शरीराला लागणारा घटक कमी असतो आणि ती उणीव डाळ भरून काढते. वरण पातळ करून डाळ निम्म्यावर आणली, तर डाळीचं प्रथिन जातंच, तांदळाचंही अंगी लागायचं कमी होतं.

ही सगळी मापं कच्च्या मालाची आहेत. इथे एक चूक हमखास होते. मटकी भिजून मोड आली की वजन दुपटीच्या पुढे जातं. मोड आलेली मटकी २० ग्रॅमप्रमाणे तोलली, तर मुलाला खरी मटकी दहा ग्रॅमसुद्धा मिळत नाही. म्हणून काट्यावर कोरडं धान्य ठेवायचं, भिजवल्यानंतरचं नाही. तेलाचंही तसंच. शंभर मुलांना ५०० ग्रॅम तेल म्हणजे साधारण ५५० मिलिलिटर. अर्ध्या लिटरचं माप भरून ओतलं की रोज पन्नासेक मिलिलिटर कमी पडतं.

आता कट्टा, म्हणजे तांदळाची गोणी. त्यात निव्वळ ५० किलो तांदूळ हवा. रिकाम्या तागाच्या गोणीचंच वजन अर्ध्या किलोच्या आसपास असतं. काटा गोणीसकट पन्नास दाखवत असेल, तर पाच मुलांचा एक दिवसाचा तांदूळ तिथेच कमी झाला. नमुना फक्त वरून घेऊ नका. पोकळ सळई वर, मध्ये आणि तळाशी खुपसून तीन ठिकाणचा तांदूळ पांढऱ्या कागदावर पसरा. कुबट वास, ओलसर गोळे, किड्यांची जाळी आढळली तर पोचपावतीवर सही करण्याआधी तसा शेरा लिहा. सहीनंतरच्या तक्रारीला फारसा अर्थ उरत नाही.

याच तांदळात जरा वेगळे, कधी पिवळसर, कधी जास्तच पांढरे दाणे दिसतात आणि ‘प्लास्टिकचा तांदूळ आला’ अशी गावात बोंब होते. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि जीवनसत्त्व बी-१२ मिसळून यंत्रातून पुन्हा तांदळाच्या आकाराचे दाणे काढतात आणि १०० किलोला एक किलो या प्रमाणात साध्या तांदळात मिसळतात. म्हणजे एका कट्ट्यात ते अर्धा किलोच असतात. निवडताना ते काढून टाकले, तर पोषणासाठी घातलेला भागच उकिरड्यावर गेला. त्यातले काही धुताना पाण्यावर तरंगतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. तेव्हा तांदूळ आधी सुपात नीट पाखडा, मग एक-दोन पाण्यांतच धुवा आणि पाणी चाळणीतून ओता. भात वेळून पेज टाकायची पद्धत इथे नको, कारण पेजेबरोबर जीवनसत्त्वंही जातात. खिचडीत सगळं पाणी आटतं, म्हणून या तांदळाला खिचडी सोयीची. गावकऱ्यांची शंका मात्र हसण्यावारी नेऊ नका. पालकसभेत मूठभर दाणे वेगळे काढून त्यांच्यासमोर शिजवा. ते भातासारखे मऊ होतात, हे बघितल्यावर वाद उरत नाही.

या तांदळाच्या एका किलोत २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह घालायचं असा निकष आहे. म्हणजे १०० ग्रॅमला तीन-चार मिलिग्रॅम. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची रोजची गरज सुमारे १५. त्यातलं अंगी किती लागतं हे सोबतच्या पदार्थांवर ठरतं आणि क जीवनसत्त्व त्याला मदत करतं. पण शंभर मुलांच्या पातेल्यात दहा लिंबं पिळणं म्हणजे समाधान करून घेणं. लिंबू द्यायचंच तर प्रत्येक ताटात पाव लिंबाची फोड, म्हणजे शंभर मुलांना पंचवीस लिंबं. हिवाळ्यात पेरू त्याहून बरा, पाव पेरूतही लिंबाच्या फोडीपेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असतं. थॅलेसेमिया, म्हणजे अंगात लोह साठत जाणारा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेलं मूल वर्गात असेल, तर त्याच्या डॉक्टरांना या तांदळाबद्दल आधी विचारा.

साठवणीत सगळ्यात जास्त नुकसान पावसाळ्यात होतं. कट्टे फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून हात-दीड हात लांब ठेवा. आधी आलेला आधी संपवा. किडे झाले तर चाळा, पाखडा, सावलीत पसरा. घरी काही जण तांदळाला बोरिक पावडर चोळतात, ते शाळेत अजिबात करू नये. सहा वर्षांच्या पोराच्या वजनाला ते किती सोसेल हे कुणी मोजत नाही. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या तर त्या खोलीतही आणू नका. बिहारमधल्या सारण जिल्ह्यात १६ जुलै २०१३ रोजी शाळेतल्या जेवणाने २३ मुलं दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं होतं. म्हणून कीटकनाशकाचा रिकामा डबा धुऊनसुद्धा वापरायचा नाही. आणि वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची, हा नियम फक्त नोंदवहीत सही करण्यापुरता ठेवू नका.

डाळ शिजत नाही ही नेहमीची तक्रार. कारणं तीन: डाळ जुनी, पाणी जड, किंवा टोमॅटो-चिंच आधीच पडलेली. आंबट पडलं की डाळ मऊ व्हायला वेळ लागतो. त्यावर सोडा घातला की डाळ शिजते, पण बी-१ जीवनसत्त्व मरतं. त्यापेक्षा डाळ तासभर भिजवा, आधणात आधी डाळ घाला, ती अर्धी शिजल्यावर तांदूळ वैरा आणि टोमॅटो शेवटी. आणि सोमवारी उसळ ठेवू नका. मटकी आठ-दहा तास भिजायला हवी, त्यानंतर रात्रभर फडक्यात बांधून ठेवायला हवी. रविवारी शाळेला कुलूप असताना हे कोणी करायचं? उसळ बुधवारी किंवा गुरुवारी ठेवा.

वाढतानाही माप हवं. एका ओगराळ्यात किती खिचडी बसते हे एकदा तोलून भिंतीवर लिहून ठेवा. १०० ग्रॅम तांदळाचा भात अडीच-तीनशे ग्रॅम होतो. पहिलीतलं पोर तो एका बैठकीत संपवत नाही, पाचवीतलं संपवून पुन्हा मागतं. लहानांना आधी थोडं वाढून दुसऱ्यांदा विचारा, म्हणजे ताटात टाकणं कमी होईल आणि मोठ्यांना पुरेल.

शेवटचं, एप्रिलचं. सुट्टी लागण्याआधी दोन आठवडे शिल्लक कट्टे मोजा आणि पुढच्या मागणीतून ते वजा करून कळवा. एप्रिलमध्ये उरलेला तांदूळ पत्र्याच्या खोलीत जूनपर्यंत तापत राहतो. शाळा उघडते तेव्हा पहिल्या दिवशी मुलांच्या ताटात तोच पडतो.