मानसशास्त्राच्या नव्या शिक्षकांसाठी माजी विद्यार्थ्यांचा निधी

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबर लागला की आपल्या सांगली-साताऱ्याच्या कॉलेजांतून माजी विद्यार्थ्यांचे मेळावे सुरू होतात. जुन्या बाकांवर बसून फोटो काढले जातात, सरांना-मॅडमना शाल-श्रीफळ दिलं जातं, जेवणं होतात आणि पान खाता खाता देणगीचा विषय निघतो. कुणी पाणी थंड करायचं यंत्र देतं, कुणी सभागृहातले पंखे. एखादी बॅच पैसे जमवून प्रवेशद्वाराची कमान उभी करते. हे सगळं मनापासून दिलेलं असतं आणि मला त्याचा आदर आहे. आज मी एक मागणी घेऊन आले आहे. एखाद्या वर्षी ही देणगी माणसासाठी द्या. आणि तो माणूस म्हणजे तुमच्या कॉलेजच्या मानसशास्त्र विभागात नुकताच आलेला, अजून जम न बसलेला शिक्षक किंवा शिक्षिका.

मी आयुष्यभर मानसशास्त्र शिकवलं, तेव्हा माझ्या विषयाकडे माझा ओढा असणार हे धरून चाला. पण ऐकून तर घ्या.

अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत ही रीत चांगली रुळलेली आहे. तिथे नव्याने नेमलेल्या सहायक प्राध्यापकाला कायम होण्याआधी साधारण सहा वर्षं स्वतःचं काम दाखवावं लागतं. नेमकी हीच वर्षं सर्वात ओढाताणीची. शिकवण्याचे तास नवे, घर नवं, लेकरं लहान आणि संशोधनाला बाहेरून पैसे मिळायचे तर आधी काहीतरी करून दाखवलेलं असावं लागतं. करून दाखवायला पैसे लागतात, आणि पैसे मिळायला करून दाखवावं लागतं. हा पेच सुटावा म्हणून तिथले माजी विद्यार्थी ठेव ठेवतात आणि तिच्या व्याजातून दोन-तीन वर्षांसाठी तरुण प्राध्यापकाला पुरस्कार दिला जातो. पुष्कळदा त्याला एखाद्या लाडक्या शिक्षकाचं नाव असतं. पुरस्कार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे स्मृतिचिन्ह येतं. तिथे तो खर्चाचा पैसा असतो. चाचण्या विकत घ्या, मदतनीस नेमा, गावोगाव फिरा, आणि हिशेब द्या.

विस्कॉन्सिन विद्यापीठाची गोष्ट मला फार आवडते. 1925 साली तिथे हॅरी स्टीनबॉक नावाच्या प्राध्यापकाच्या ड जीवनसत्त्वाच्या शोधाचं पेटंट सांभाळायला नऊ माजी विद्यार्थी पुढे आले आणि प्रत्येकी शंभर डॉलर घालून त्यांनी एक संस्था काढली. नऊशे डॉलरची ती सुरुवात. आज त्या निधीची मोजदाद अब्जांत होते आणि तिथल्या प्राध्यापकांच्या संशोधनाला त्यातून पैसा मिळतो.

त्याच विद्यापीठात 1930 साली हॅरी हार्लो हा पंचविशीतला मानसशास्त्रज्ञ नोकरीला आला. येऊन पाहतो तर प्राण्यांवरच्या प्रयोगांची प्रयोगशाळा पाडून टाकलेली. बिचाऱ्याने गावातल्या प्राणिसंग्रहालयात जाऊन माकडांचं निरीक्षण सुरू केलं. पुढे एका रिकाम्या पडलेल्या इमारतीत आपल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून स्वतःची प्रयोगशाळा उभी केली. माकडाचं पिल्लू दूध देणाऱ्या तारेच्या नकली आईला सोडून मऊ कापडाच्या नकली आईला बिलगून बसतं, हा त्याचा निष्कर्ष पुढे जगभर गाजला. त्याच्या प्रयोगांत त्या पिल्लांचे जे हाल झाले, त्यावर नंतर कडक टीका झाली आणि ती रास्त होती. पण जागा नाही, साधन नाही म्हणून तो पहिल्याच वर्षी वर्गात तास घेण्यापुरता उरला असता, तर स्पर्शाचं मोल आपल्याला इतक्या ठसठशीतपणे कुणी सांगितलं असतं? सगळेच हार्लोसारखे हट्टी नसतात. बहुतेक माणसं पहिल्या दोन-तीन वर्षांत मुकाट होतात आणि मग कायमची मुकाटच राहतात.

आता आपल्याकडे बघा. मानसशास्त्राला काय लागतं, एक फळा आणि एक खडू, असा समज आपल्या संस्थाचालकांतसुद्धा आहे. रसायनशास्त्राला आम्ल संपलं तर बिल मंजूर होतं. आमच्या विभागात एक लोखंडी कपाट असतं. त्यात आरशात बघून चांदणी गिरवायचं यंत्र, दोन स्टॉपवॉच, त्यातलं एक बंद, आणि चाचण्यांच्या पुस्तिका. या पुस्तिका बहुधा आग्र्याहून मागवलेल्या असतात, कारण आपल्या देशात मानसशास्त्रीय चाचण्या छापून विकण्याचा धंदा तिथे जमलेला आहे. उत्तरपत्रिका संपल्या की पुन्हा मागवायच्या आणि त्या पैशांसाठी अर्ज करून महिनोन्‌महिने वाट बघायची.

खरी अडचण पुढेच आहे. त्यातल्या बहुतेक चाचण्या हिंदीत किंवा इंग्रजीत. कितीही चांगलं भाषांतर केलं तरी गुणांचा अर्थ लावायला प्रमाणकं लागतात. आटपाडीच्या आठवीतल्या पोराला अमुक गुण मिळाले, ते जास्त की कमी, हे त्याच्यासारख्या शेकडो पोरांचे गुण हाताशी असल्याशिवाय कळत नाही. परप्रांतातल्या शहरी मुलांची प्रमाणकं लावून आपण माणदेशातल्या पोराला मंद ठरवत असू, तर तो अन्याय आहे. यंत्रणेच्या नावाखाली झाला तरी अन्यायच.

हे काम आपल्याच मुलखात पूर्वी झालेलं आहे. 1905 साली फ्रान्समध्ये बिने आणि सिमाँ यांनी बुद्धिमापनाची पहिली चाचणी केली. 1930 च्या दशकात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मुंबई इलाख्यातल्या मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी ती नव्याने बसवली. बिने-कामत चाचणी या नावाने ती आजही आपल्या दवाखान्यांत वापरली जाते. मराठी बोलणारी आणि कानडी बोलणारी, अशी दोन्ही मुलं आपल्या मिरज-जत पट्ट्यातही आहेत. असं काम पुन्हा करायचं तर कुणीतरी तरुण माणसाने शाळाशाळांत जाऊन बसायला हवं.

तो तरुण माणूस आज कुठे आहे? तो तासिका तत्त्वावर आहे. नेट किंवा सेट झालेला, पीएच.डी. झालेला किंवा होत आलेला, आणि तरी तासावर पैसे घेणारा. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत तास नाहीत, म्हणजे पैसे नाहीत. मी अशी एक मुलगी पाहिली आहे. जत तालुक्यातल्या शाळांतून प्रश्नावल्या भरून घ्यायला ती एसटीने जायची. झेरॉक्सचे गठ्ठे पिशवीत, डब्यात भाकरी. प्रश्न पोरांना कळेना की ती स्वतः वाचून दाखवायची, आणि एखादं पोर घरचं काही बोलायला लागलं की पेन खाली ठेवून नुसती ऐकत बसायची. झेरॉक्सचा खर्च, एसटीचा खर्च, आकडेमोड करून देणाऱ्याचा खर्च, सगळं तिच्या पदरचं. दिल्लीत भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद 1969 पासून आहे, तिच्याकडे प्रकल्प मागता येतात. पण तिथवर पोचणाऱ्या अर्जाला आधीचं काम जोडावं लागतं. ते आधीचं काम व्हावं म्हणून गावातला पैसा हवा.

आणि विषयांना तोटा आहे का आपल्याकडे? 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेलं. त्या आठवड्यात माळ्यावर, गच्चीवर रात्री काढलेली मुलं आता कॉलेजात आली आहेत. पावसाळ्यात पाणीपातळीचे आकडे मोबाईलवर फिरू लागले की त्यांच्या घरात काय होतं, कोण झोपतं आणि कोण जागं राहतं, हे कुणी नीट विचारलंय? साताऱ्याचं अपशिंगे हे तर मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखलं जातं. सीमेवर गेलेल्या माणसाच्या घरी राहणाऱ्या बायकांचं, सेवानिवृत्त होऊन गावात परतलेल्या जवानांचं मन हा केवढा मोठा विषय आहे. ऊसतोडीच्या फडात कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहणारी मुलं आहेत. स्पर्धा परीक्षेचं पाचवं वर्ष संपवून घरी परतलेले मुलगे आहेत, ज्यांच्याशी घरात कुणी धड बोलत नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात दर शंभर प्रौढांमागे दहाहून अधिक जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचं दिसलं, आणि त्यातल्या बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. हे देशाचे आकडे. आपल्या तालुक्यांचं दुखणं त्यांच्याइतकंच आहे की वेगळं, हे इथल्याच माणसाने, इथल्या बोलीत विचारून काढायचं आहे.

पैशाचं गणित सोपं आहे. एका बॅचच्या पन्नास जणांनी वीस-वीस हजार दिले तर दहा लाख होतात. साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला पासष्ट हजार. मोठ्या प्रयोगशाळेला हे काहीच नाही. पण तीन तालुक्यांतल्या शाळांत फिरून, चाचण्या विकत घेऊन, दोन विद्यार्थ्यांना मानधन देऊन एक नीट अभ्यास यात होतो. मुद्दलाला हात लावायचा नाही, म्हणजे पुढच्या वर्षी पुढचा माणूस. संस्थेकडे देणगीवर करसवलत मिळवून देणारी आयकर खात्याची नोंदणी (जिला ऐंशी-जी म्हणत आले आहेत) असेल तर जुन्या करप्रणालीने विवरण भरणाऱ्या देणगीदाराला करात सवलतही मिळते.

मात्र काही गोष्टींवर अडून बसा. निवड देणगीदाराने करायची नाही, संस्थेच्या अध्यक्षानेही नाही. बाहेरच्या विद्यापीठातले दोन जाणकार बसवा. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना अर्ज करता आलाच पाहिजे. कायम असलेल्यांपुरतं ठेवाल, तर ज्याला गरज आहे तोच बाहेर राहील. पैसे वर्षाच्या सुरुवातीला हातात पडू देत, बिलं जोडून नंतर मिळणार असतील तर खिशात पैसे नसलेला माणूस कामच सुरू करू शकत नाही. लहान मुलांचा किंवा आजारी माणसांचा अभ्यास असेल तर त्यांच्या संमतीची, नावं गुप्त ठेवण्याची तपासणी आधी व्हावी. आणि वर्षाच्या शेवटी त्या शिक्षकाने आपल्याला काय आढळलं ते मराठीत, गावात, ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांच्यासमोर सांगावं.

देणारे हात आपल्याकडे कमी नाहीत. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली गलाई व्यवसायातली माणसं देशभर सोनं-चांदी शुद्ध करतात आणि गावच्या देवळाला, शाळेला आठवणीने पैसे पाठवतात. साताऱ्यात कर्मवीर भाऊरावांच्या वसतिगृहातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. त्या वसतिगृहात शिकलेल्यांची नातवंडं आज पुण्यात, बंगळूरमध्ये, अमेरिकेत चांगल्या पगारावर आहेत.

तुमच्या मेळाव्याची तारीख ठरली असेल, तर त्याआधी एकदा कॉलेजात जा. प्राचार्यांना विचारा की मानसशास्त्र विभागात सध्या किती शिक्षक आहेत, त्यातले कायम किती आणि तासावर किती. मग विभागात जाऊन त्यातल्या सर्वांत नव्या शिक्षकाला भेटा, त्याला कशाचा अभ्यास करायचा आहे ते विचारा आणि खर्चाचा अंदाज एका कागदावर लिहून घ्या. मेळाव्यात देणगीचा विषय निघेल तेव्हा तो कागद वाचून दाखवा.

नमस्कार.