सुरत ते बऱ्हाणपूर, व्हाया थाळनेर

(दृश्य: गॅरेजच्या दारात उभी हिरवी जीप. बोनेट उघडं. आतून फक्त पान्याचा आवाज.)

आधी एक कबुली देतो. धुळ्याहून सुरतेपर्यंत ही जीप ट्रकवर चढवून नेली. मामांना ते अजिबात पटलं नव्हतं. "नवरदेवले खांदावर बशाडीसन लग्नले लई चालनात का?" असं म्हणाले आणि ट्रकच्या केबिनमध्ये तोंड फिरवून बसले. पण सुरत ते बऱ्हाणपूर ही जुनी व्यापारी वाट जीपनं करायची होती; खरा प्रवास सुरतेपासून होता, आणि तिथं पोचायच्या आधीच गाडी दमवायची नव्हती.

ही महिंद्राची सीजे थ्री बी. बोनेट एवढं उंच का, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मामांचं उत्तर ठरलेलं: "खालचं इंजिन उंच आहे म्हणून." उत्तर खरंच तेवढंच आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असत. नंतर आलेल्या, या जीपमधल्या हरिकेन इंजिनात पेट्रोल-हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले. इंजिन उंचीनं वाढलं, म्हणून बोनेट वर चढलं. माप जुनंच, 2.2 लिटर, ताकद मात्र 60 अश्वशक्तीवरून 70 च्या पुढे गेली. पेट्रोल परवडेना म्हणून अनेकांनी अशा जीपमध्ये डिझेल इंजिनं बसवली, त्यांच्या काळी-पिवळ्या झाल्या, मागे टपावर माणसं लोंबकळली. मामांनी हिचं पेट्रोल इंजिन काढू दिलं नाही. मामी त्यावर अजून बोलतात.

(दृश्य: जुना नकाशा. सुरतेपासून पूर्वेकडे सरकणारी लाल रेघ.)

1955 साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे 6 विद्यार्थी दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून निघाले आणि पुढच्या मार्चमध्ये सिंगापूरला पोचले. त्यातलीच एक गाडी 2019 मध्ये सिंगापूरहून उलटी लंडनला गेली. हे मी मामांना सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "आपल्याकडून कोण गेलं होतं?"

आपल्याकडून गेले होते, तेही 400 वर्षांपूर्वी. इंग्लंडच्या राजाचा वकील, म्हणजे राजदूत, टॉमस रो 30 ऑक्टोबर 1615 ला सुरतेहून निघाला आणि 14 नोव्हेंबरला बऱ्हाणपुरात पोचला. पुढे त्याला अजमेरला जहांगीर बादशहाकडे जायचं होतं. त्यानंतर काही दशकांनी हिऱ्यांचा फ्रेंच व्यापारी ताव्हर्निए याच वाटेनं गेला आणि मुक्काम लिहून ठेवले. त्याच्या कानांनी गावांची पार दैना केली आहे. नसरबार म्हणजे आपलं नंदुरबार. चौप्रे म्हणजे चोपडा. सेनक्वेरा वाचून मी बराच वेळ डोकं खाजवलं; ते निघालं शिंदखेडा.

बारडोली, व्यारा, नवापूर. नवापूरच्या रेल्वे स्टेशनचा एक तुकडा गुजरातेत, एक महाराष्ट्रात. ताव्हर्निएला इथला तांदूळ आवडला होता: दाणा बारीक, शिजला की बर्फासारखा पांढरा, आणि वास कस्तुरीचा. बडे सरदार हाच भात खायचे म्हणे. आम्ही स्टँडसमोर जो राइस खाल्ला त्याला सोड्याचा वास होता.

नवापूरला रस्त्याचं खरं कोडं सुटतं. आजचा महामार्ग इथून कोंडाईबारीचा घाट चढून साक्री-धुळ्याकडे जातो. ही जुनी वाट घाटाच्या वाटेला न जाता नंदुरबारकडे वळायची आणि तापीचं सपाट खोरं धरायची. नकाशावर हा वळसा वाटतो. पण ओझ्याचे बैल हाकणाऱ्याला अंतराची फिकीर नसते, त्याला चढ आणि पाणी दिसतं. ताव्हर्निएनं दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिले होते. अरुंद जागी समोरून तांडा आला की दोन-तीन दिवस बाजूला थांबून राहायचं. आम्ही उसाच्या ट्रॉलीमागे पाऊण तास होतो, आणि मी हॉर्न वाजवत होतो.

(दृश्य: नंदुरबार. मिरचीची पथारी, क्षितिजापर्यंत लाल.)

नंदुरबारच्या अलीकडे जीप बंद पडली. आधी धक्के, मग खोकला, मग काहीच नाही. मी म्हटलं, पेट्रोल संपलं. मामांनी बोनेट उघडलं, टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. नोव्हेंबर असला तरी दुपारचं ऊन खान्देशचं. हळू चालीनं इंजिन तापलं, त्याच्या अंगाला चिकटलेला पंप तापला, आतल्या पेट्रोलची वाफ झाली. पंप वाफ ओढत बसतो, आणि पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा कार्बुरेटर उपाशी राहतो. मामांनी गळ्यातला रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि लेकराच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसा पंपावर ठेवला.

वीस मिनिटं. समोरच्या पथारीवर बायका मिरची निवडत होत्या. देठ एका बाजूला, फुटकी दुसऱ्या बाजूला. ठसका आम्हालाच लागत होता, त्यांना नाही. त्यातल्या एक आजी फडक्याखालून म्हणाल्या, "हाई गाडी चालस, का नुसती दखाडाले शे?"

"चालस, माय," मामा म्हणाले. "पन तिनं मन व्हई तव्हय."

पहिल्याच सेल्फला चालू झाली. रुमाल तिथंच राहू दिला. पुढचा सगळा प्रवास दर तासाला त्याला पाणी पाजणं, हे माझं काम.

(दृश्य: दोंडाईचा ते शिंदखेडा. धाब्याची जुनी घरं.)

रो साहेबांनी या मुलखाबद्दल कुरकुर केली आहे. मुलूख ओसाड, गावं सगळी मातीची, माणसानं टेकावं असं घर नाही. साहेब नोव्हेंबरात आले होते. मे महिन्यात आले असते तर मातीच्या घराची किंमत कळली असती. लाकडांवर काड्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, म्हणजे धाबं. दर वर्षी पावसाआधी वर नवी माती टाकायची. पारा 45 वर गेला की या धाब्याखाली झोप लागते. स्लॅबखाली माझ्या घरी लागत नाही.

आता तापी. ही वाट तापी ओलांडते ती थाळनेरला. नदी उतरून जायचा हट्ट आम्हाला होता; जीपच्या गिअरशेजारच्या दोन छोट्या दांड्या त्यासाठीच असतात, एक पुढची चाकं जोडायला, दुसरी लो गिअरला. मामांनी काठावर उभं राहून पाणी पाहिलं, आणि दांड्यांना हात न लावता गाडी मागे वळवली. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या सावळद्याच्या पुलावरून गेलो, शिरपूर गाठलं आणि पलीकडच्या काठानं परत खाली थाळनेरला आलो. समोर दिसणाऱ्या काठावर पोचायला अख्खी दुपार गेली.

थाळनेरचा किल्ला नदीच्या कडेवर ढासळत उभा आहे. खान्देशच्या फारुकी सुलतानांची ही पहिली राजधानी. मलिक राजानं 1382 मध्ये स्वतंत्र कारभार सुरू केला तो इथून. त्यांच्या कबरी गावात आहेत. बऱ्हाणपूर वसलं ते पुढच्या पिढीत. 1818 च्या फेब्रुवारीत इंग्रज सेनापती हिस्लॉप इथं आला. होळकरांनी तहात किल्ला देऊन टाकला होता, पण आतले लोक हटेनात. शरणागतीच्या गोंधळात दरवाजात चकमक झाली, इंग्रज अधिकारी पडले, मग आतल्या शिबंदीची कत्तल झाली. किल्लेदार तुळशीराम मामा यांना हिस्लॉपनं फासावर चढवलं. "मामा" हा शब्द ऐकून आमचे मामा वळून बघायला लागले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

(दृश्य: केळीच्या बागांमधून जाणारा रस्ता.)

पुढे अनेर ओलांडली की जळगाव जिल्हा. चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर. दोन्ही बाजूंना केळी, मध्ये केळीचे ट्रक. फैजपूरला 1936 मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं. आम्ही तिथं फक्त रुमाल भिजवला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी बऱ्हाणपूर. रो इथं जहांगीरच्या मुलाला, शहजादा परवेझला भेटला. नजराण्यात दारूच्या बाटल्या होत्या. शहजाद्याला त्या इतक्या चढल्या की ठरलेली खासगी भेट राहूनच गेली. उतरायला मिळालेल्या सराईच्या खोल्या भट्टीएवढ्या होत्या, म्हणून वकीलसाहेब आपल्या तंबूत झोपले.

आम्ही लॉज पाहिला. खोली ठीक होती, पण गाडी लावायला जागा नव्हती. मामांनी खोलीची किल्ली माझ्या हातात दिली, सतरंजी उचलली आणि समोरच्या मैदानात जीपशेजारी आडवे झाले.

सकाळी मावा जिलेबी घेऊन गेलो तेव्हा सेल्फ मेला होता. मामांनी सीटखालून हँडल काढलं. तिसऱ्या फेऱ्याला धूर सोडत गाडी चालू झाली. परतीसाठी ठरवलेला ट्रक कोपऱ्यावर उभा होता. मामांनी त्याच्या ड्रायव्हरला जिलेबीचा पुडा दिला, आणि मला विचारलं, "रुमाल भिजाडा का?"