कट्ट्यावरून सरकण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

संध्याकाळी एखाद्या सिमेंटच्या कट्ट्याजवळून जाताना जाड प्लॅस्टिक फरफटत गेल्यासारखा आवाज तुम्ही कधी ऐकलाय? चाकांचे बूट घातलेलं कुणीतरी वेगात येतं, उडी मारतं, कट्ट्याच्या धारेवर बूट टेकवतं आणि तसंच सरकत पुढे जातं. याला म्हणतात ग्राइंड. ग्राइंड, उड्या, रॅम्प हे सगळं ज्यात येतं तो खेळ म्हणजे ॲग्रेसिव्ह इनलाइन स्केटिंग. मी तो एकोणतिसाव्या वर्षी सुरू केला. ज्यांच्या मनात हे आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांची मुलं बुटांसाठी हट्ट धरून बसली आहेत त्या आईबाबांसाठी आज बोलते आहे.

आधी बुटांचं. आपल्याकडे गावोगावी रिंकवर मुलं स्पीड स्केटिंग शिकतात. त्या बुटांची चाकं शंभर-एकशे दहा मिलिमीटरची, वेगासाठी बनवलेली. ते बूट कट्ट्यावर घालू नका. घरच्या लहान मुलांचे, माप वाढवता येणारे बूटही नकोत. ॲग्रेसिव्ह बुटाची चाकं छोटी असतात, साधारण 55 ते 60 मिलिमीटर, आणि बरीच कडक. मधल्या दोन चाकांमध्ये एक खाच असते, तिला एच-ब्लॉक म्हणतात. तळव्याच्या कडेला रुंद, गुळगुळीत पट्टी असते, ती सोल प्लेट. सरकायचं ते या दोन जागांवर. काही बुटांत मधली दोन चाकं मुद्दाम बारीक ठेवलेली असतात, म्हणजे खाच मोठी होते. पण आपले रस्ते खडबडीत. नवशिक्यानं चारही चाकं जमिनीला टेकणारी घ्यावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. चालवताच आलं नाही तर सरकणार कुठून?

या बुटांना मागे ब्रेक नसतो. थांबायचं तर मागचा पाय आडवा करून हलकेच ओढायचा. दोन्ही पायांचा आकार इंग्रजी टी-सारखा होतो. हे थांबणं दोन्ही पायांनी येईपर्यंत कट्ट्याकडे वळूसुद्धा नका.

आणि मग पडणं. यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण इथेच सगळे घाई करतात. ज्युदोच्या वर्गात आधी पडायला शिकवतात, उगाच नाही. तोल गेला की हात आपोआप पुढे जातात आणि मनगट मोडतं. म्हणून मनगटाचं संरक्षक घ्यायचंच, आत कडक पट्टी असलेलं. कबड्डीचे कापडी नी-कॅप इथे पुरत नाहीत. ढोपरावर प्लॅस्टिकची कडक वाटी हवी, म्हणजे पडल्यावर ढोपर जमिनीत न रुतता पुढे घसरतं. हेल्मेट डोक्याची मागची बाजूही झाकणारं हवं, कारण या खेळात माणूस मागे आपटतो. हे सगळं चढवून आधी हिरवळीवर, मग सिमेंटवर मुद्दाम पडा: एक ढोपर, दुसरं ढोपर, बोटं वर उचललेली. मी पहिले दोन आठवडे जवळजवळ एवढंच केलं. बघणाऱ्यांना वाटायचं, हिला काही येत नाही. वाटू द्या.

आता कट्टा. पहिला कट्टा वीतभर उंचीचाच शोधा, शक्यतो शेजारी धरायला खांब असलेला. वेग नको, आणि नीट सरकता यावं म्हणून कट्ट्यावर घासतात ते मेणही नको. खांब धरून एक पाय आडवा ठेवा, कट्ट्याची धार खाचेत बसू द्या, मग दुसरा. गुडघे वाकवून खुर्चीत बसल्यासारखे खाली बसा. याला फ्रंटसाइड म्हणतात, आणि असं नुसतं उभं राहणं म्हणजे स्टॉल. वीस-तीस वेळा करा. मग खांब सोडा. मग उडी मारून तसेच टेका. त्यानंतर थोडा वेग. भीतीनं माणूस मागे रेलतो, पाय पुढे निसटतात आणि कंबर आपटते. उपाय एकच, आणखी खाली बसणं. पाय खांद्यांपेक्षा जरा रुंद ठेवले की तोल बराच सावरतो.

हा खेळ काही कालचा नाही. 1980 च्या सुमारास अमेरिकेत मिनियापोलिसला आइस हॉकी खेळणाऱ्यांनी उन्हाळ्यातल्या सरावासाठी एका रांगेतली चाकं घेतली, तिथून इनलाइन पसरलं. 1995 साली अमेरिकेतल्याच ऱ्होड आयलंडला पहिले एक्स गेम्स, म्हणजे धाडसी खेळांच्या स्पर्धा, झाले, त्यात हा प्रकार होता. दहाएक वर्षांनी त्यांनी तो वगळला. तरी लोक खेळत राहिले. मुलींनो, ब्राझीलची फाबिओला दा सिल्वा हिचे व्हिडिओ जरूर बघा. उभ्या भिंतीच्या रॅम्पवर ती पुरुषांच्या बरोबरीनं स्पर्धेत उतरली.

पावसाळ्यात ओल्या सिमेंटवर अजिबात नको. बूट भिजलेच तर चाकं काढून बेअरिंग पुसा, तेलाचा थेंब द्या, नाहीतर गंज चढतो.

एक विनंती. मल्लखांबाला एरंडेल लावतात, तसं कट्ट्यावर घासायला मेणबत्ती लागते. ती बागेच्या कडेच्या रिकाम्या कट्ट्यावर वापरा, तीही विचारून. इमारतीच्या पायरीला नको. सकाळी सहा वाजता तिथूनच आजी-आजोबा फिरायला उतरतात.

नमस्कार.