झाकणाखालची वीस मिनिटं

(दृश्य : रात्र. टेबलावरचा दिवा. मागे शेगडीवर पातेलं.)

पावणेदहा वाजलेत. झाकण आधी नुसतं थरथरतं. मग कडेनं पांढरा फेस डोकावतो, झाकण एका बाजूनं उचललं जातं, आणि टेबलापाशी बसलेली मुलगी मान वर करेपर्यंत भात उतू गेलेला असतो. फेस बर्नरवर पडतो. चर्रकन आवाज येतो. ज्योत विझते.

ही खरं तर दुसऱ्या रात्रीची गोष्ट. पण चार रात्रींच्या चित्रणात याहून चांगलं दृश्य आम्हाला मिळालं नाही, म्हणून सुरुवात इथून.

ती आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नाव घ्यायचं नाही, एवढी एकच अट तिनं घातली. खोली लहान. एका भिंतीला टेबल, समोरच्या भिंतीला ओटा आणि मधे जमिनीवर पुठ्ठ्याचं अर्धवट मॉडेल. सबमिशनला बारा दिवस उरलेत. स्वयंपाक शिकावासा वाटतो का, असं विचारलं तेव्हा ती काही बोलली नाही. नुसतं मॉडेलकडे बोट दाखवलं.

वेळ नाही. स्वयंपाक का शिकत नाही, असं ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी हेच सांगितलं, आणि कुणी खोटं बोलत नव्हतं. मग आम्ही ठरवलं, वाद घालण्यापेक्षा मोजून पाहू. ओटा, टेबल आणि भिंतीवरचं घड्याळ एकाच चौकटीत येईल असा कॅमेरा लावला आणि चार रात्री तो तिथून हलवला नाही.

(दृश्य : पहिली रात्र. पाकीट फाडणारे हात.)

पहिली रात्र तिच्या नेहमीच्या रिवाजानं. पाकीट, उकळतं पाणी, तीन मिनिटं.

हा नूडल्सचा चौकोन जवळून बघा. प्रत्येक धाग्यावर बारीक बारीक छिद्रं आहेत. सगळी करामत त्या छिद्रांची. मोमोफुकु आंदो नावाच्या माणसानं जपानमध्ये, ओसाकाजवळच्या इकेदात, घरामागच्या शेडमध्ये बसून ती शोधली. नूडल्स करता येत होते, वाळवताही येत होते. पण वाळलेले नूडल्स पटकन मऊ होत नव्हते. मग शिजवलेले नूडल्स त्यानं तापलेल्या तेलात सोडून पाहिले. आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पळालं आणि पळताना आपल्या वाटा उघड्या टाकून गेलं. नंतर त्याच वाटांनी गरम पाणी आत शिरतं. २५ ऑगस्ट १९५८ रोजी हे नूडल्स विक्रीला आले.

म्हणजे त्या तीन मिनिटांत आपण शिजवत काहीच नाही. शिजवून, तळून, वाळवून सगळं आधीच झालेलं असतं. आपण फक्त भिजवतो.

या पदार्थाशी आमचं भांडण नाही. त्या रात्री कॅमेऱ्यामागे आम्हीही तोच खाल्ला. मिठाबद्दल मात्र एक ओळ सांगायला हवी : मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि बऱ्याच पाकिटांच्या मागचा आकडा वाचला तर त्यातला मोठा वाटा एकाच वाडग्यात संपलेला असतो.

(दृश्य : दुसरी रात्र. स्टीलची पट्टी, कटर, पुठ्ठा. मग कांदा.)

आता हे हात बघा. पट्टी धरली, कटर टेकवला, एकाच ओढीत पुठ्ठा कापला. अर्ध्या मिलिमीटरची चूक नाही. आणि दहाच मिनिटांनी हेच हात कांद्यापुढे असे अवघडून बसलेत. कांदा गोल आहे, घरंगळतो. सुरी बोथट आहे, सालावरून निसटते. तिसऱ्या कापाला डोळ्यांत पाणी.

कांद्याच्या पेशी शाबूत असतात तोवर त्याला वास फारसा नसतो. सुरीनं पेशी फुटल्या की आत वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले पदार्थ एकमेकांत मिसळतात आणि एक गंधकयुक्त वायू तयार होतो. तो डोळ्यांपर्यंत पोचला की डोळे स्वतःला धुऊन काढतात. या कामासाठी कांद्यात एक स्वतंत्र विकर (एन्झाइम) असतं, हे जपानी संशोधकांनी २००२ साली दाखवलं. त्याआधी सगळा दोष दुसऱ्याच एका विकराच्या माथी मारला जात होता. धारदार सुरी पेशी कापते, बोथट सुरी चेंगरते, आणि जेवढ्या जास्त पेशी चेंगरल्या तेवढं रडणं जास्त. शिवाय बोट कापतं ते बहुतेक वेळा बोथट सुरीनंच, कारण तिच्यावर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की ती घसरते.

एक कांदा चिरायला तिला नऊ मिनिटं लागली. तुकडे कसे झाले ते दिसतंच आहे.

मग फोनवरची कृती. ती मोठ्यानं वाचते, ‘मध्यम आचेवर परतावे. मीठ चवीपुरतं.’ थांबते. पुन्हा वाचते. ‘चवीपुरतं म्हणजे किती? माप द्या ना!’

तिचा राग रास्त आहे. कृती लिहिणारे माप जाणणाऱ्यांसाठीच लिहितात. ‘अंगाबरोबर पाणी’, ‘छान रंग येईपर्यंत’, ‘कच्चा वास जाईपर्यंत’. ज्यानं कधी कच्चा वास घेतलाच नाही, त्याला तो गेला हे कळायचं कसं?

(दृश्य : पातेलं, उतू जाणारा फेस. पुन्हा, संथ गतीनं.)

आणि इथे भात उतू जातो. संथ गतीत बघा, कारण सगळं शिक्षण या सहा सेकंदांत आहे. नुसतं पाणी उकळतं तेव्हा बुडबुडा वर येतो आणि फुटतो. तांदळातून पाण्यात पिठूळ अंश उतरला की बुडबुड्याची कात चिवट होते. तो फुटत नाही, दुसऱ्यावर चढतो. वर झाकण घट्ट असेल तर फेसाला उतरायला जागाच नाही. आणि तिनं गॅस मोठा ठेवला होता, लवकर व्हावं म्हणून.

मोठ्या आचेवर भात लवकर होतो हा समज जवळजवळ प्रत्येक नवशिक्याचा असतो. पण साध्या पातेल्यातलं पाणी एकदा उकळलं की समुद्रसपाटीला ते १०० अंश सेल्सियसवरच राहतं. खळाखळा उकळलं तरी १००, मंद उकळलं तरी जवळपास तेवढंच. आच वाढवून पाणी लवकर आटतं, तांदूळ लवकर शिजत नाही. तो वेग हवा असेल तर वाफ कोंडायला लागते. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून त्यात खरोखर वेळ वाचतो.

ज्योत विझल्यावर पहिल्यांदा काय करायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती फडकं शोधत होती. आधी बटण बंद करायचं, कारण ज्योत नसली तरी वायू येतच राहतो. मग खिडकी उघडायची. वास पूर्ण जाईपर्यंत काडी ओढायची नाही आणि दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही. या ठिकाणी आमच्यापैकी एक जण पळत चौकटीत आला. तो शॉट आम्ही ठेवलाय.

पातेल्यात शेवटी काय निघालं? खाली करपलेलं, मधे गिचका आणि वर कच्चे दाणे. बावन्न मिनिटं. तिनं ते पूर्ण खाल्लं.

(दृश्य : तिसरी रात्र. चौकटीचे दोन भाग. डावीकडे पातेलं, उजवीकडे मॉडेल.)

तिसऱ्या रात्री सामान तेच : तांदूळ, कांदा, दोन अंडी. सुरीला मात्र धार लावून आणलीय. कांदा आधी मधोमध कापलाय आणि सपाट बाजू पाटावर ठेवलीय, म्हणजे आता तो घरंगळायचा नाही. ही युक्ती तिची तिनंच काढली. मॉडेल करणाऱ्या माणसाला सपाट पायाचं महत्त्व सांगावं लागत नाही.

पाण्याला उकळी आली, गॅस बारीक केला, झाकण किंचित कलतं ठेवलं. पंधरा मिनिटांचा गजर लावला आणि ती मॉडेलकडे गेली.

आता डावीकडे काही घडत नाही. वाफेची एक रेघ, बस्स. उजवीकडे तिनं दोन भिंती कापल्या, एक जिना चिकटवला, पट्टी हरवली, पट्टी शोधली. संकलनाच्या वेळी आम्ही हे दृश्य तीनदा कापलं आणि तीनदा परत जोडलं. कंटाळवाणं आहे खरं, पण आम्ही चार रात्री कॅमेरा लावून बसलो ते यासाठीच.

त्या रात्री सुरुवातीपासून ताट वाढेपर्यंत अडतीस मिनिटं लागली. फीत मागे-पुढे करून आम्ही तिचे हात स्वयंपाकात गुंतले होते तेवढा वेळ मोजला. चौदा मिनिटं. त्यातली पाच कांद्याची. बाकीचा वेळ पातेलं राबत होतं.

भातावर राखण बसण्याचा कंटाळा फार जुना आहे. समोरच्या खोलीत राहणाऱ्या मुलाकडे विजेचा भातकुकर आहे. त्याचं झाकण उघडून आम्ही तो सगळ्या बाजूंनी टिपला. तोशिबा कंपनीनं १९५५ साली जपानमध्ये असा पहिला यशस्वी स्वयंचलित भातकुकर विक्रीला आणला. तो योशितादा मिनामी यांनी घडवला, आणि भात शिजवून शिजवून त्याच्या चाचण्या घेतल्या त्यांच्या पत्नी फुमिको यांनी. या यंत्राच्या डोक्यात एकच गोष्ट भरलेली आहे : भांड्यात मोकळं पाणी आहे तोवर बुडाचं तापमान शंभराच्या फार वर जात नाही, आणि पाणी संपलं की ते झपाट्यानं चढतं. ती चढण लागली की खटका पडतो. बाकी यंत्राला काही येत नाही. कांदा चिरता तर नाहीच.

कुकरवाल्या त्या मुलाला स्वयंपाक शिकायचा नाही. परीक्षेच्या आठवड्यात आयतं ताट मिळणं हेच शहाणपणाचं, असं त्याचं म्हणणं. त्याची चांगली वीस मिनिटांची मुलाखत घेतली होती. मागे पंख्याचा आवाज इतका आला की ती वापरता आली नाही.

(दृश्य : कढई. कांद्याचा रंग बदलताना, अगदी जवळून.)

हा कांदा आधी पारदर्शक होतो, मग मऊ पडतो आणि कितीतरी वेळ तसाच राहतो. त्यात पाणी आहे तोवर तो शंभर अंशांपाशी अडकलेला असतो. पाणी गेलं, तापमान आणखी चढलं, की कडांना तपकिरी छटा येते आणि खोलीभर वास सुटतो. साखर आणि अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) यांच्यातल्या या क्रियेचं वर्णन लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ साली केलं. त्याला स्वयंपाकाशी काही देणंघेणं नव्हतं. घाई करून आच वाढवली तर मधलं पाणी जायच्या आत कडा जळतात. तिनं वाढवली नाही. तिथेच उभी राहून परतत राहिली, आणि मधेच वाकून वास घेतला. ‘कच्चा वास’ गेल्याचं तिला तेव्हा कळलं असावं. आम्ही विचारलं नाही.

अंडी फोडली. पांढरा भाग पासष्ट अंशांच्या आतबाहेर घट्ट व्हायला लागतो, पिवळा त्याच्या थोडा मागून. दोन मिनिटांचं काम. कवचाचा एक तुकडा पडला तो तिनं कवचानंच काढला.

(दृश्य : थाळीत पसरलेला भात, मग डबा, मग फ्रिजचं दार.)

भात मुद्दाम जास्त केला होता, दुसऱ्या दिवसासाठी. इथे थोडं थांबू, कारण ही गोष्ट घरात न सांगताच गृहीत धरली जाते. तांदळात काही जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची झोपलेली, टणक कवचाची रूपं, असतात आणि ते उकळून मरत नाहीत. बॅसिलस सीरियस हा त्यातला नेहमीचा. भात तासन् तास कोमट राहिला की ते जागे होतात आणि उलटी आणणारं विष तयार करतात. भात पुन्हा गरम केला तरी ते विष जात नाही. म्हणून उरलेला भात पातेल्यात झाकून रात्रभर ओट्यावर ठेवायचा नाही. थाळीत पसरून निववायचा, दोन तासांच्या आत डब्यात भरायचा आणि फ्रिजमध्ये, ५ अंशांच्या खाली, ठेवायचा. तिनं डब्यावर चिकटपट्टी लावली आणि मॉडेलवर लिहितात तशा ठाशीव अक्षरात तारीख घातली.

पैसे वाचले, हा डबा सकाळी कॉलेजात गेला, आणि त्या आठवड्यात पाकिटं कमी फुटली. मार्कांवर काय परिणाम होईल ते चार रात्रींत दिसणारं नव्हतं.

भांडी घासतानाचं चित्रण आमच्याकडे नाही. तिन्ही रात्री बॅटरी नेमकी तेव्हाच संपली. करपलेलं पातेलं दोन दिवस भिजत पडलं होतं, एवढं मात्र बऱ्याच चौकटींत कोपऱ्यात दिसतं.

(दृश्य : चौथी रात्र.)

सबमिशनला नऊ दिवस. मॉडेलवर छप्पर चढलंय. आज कृती उघडलेली नाही, फोन टेबलावर पालथा आहे. तांदूळ धुतले, पातेल्यात घातले, पाणी ओतलं. तर्जनी तांदळावर टेकवून पाणी पहिल्या पेरापर्यंत आलंय का ते पाहिलं. थोडं कमी होतं, आणखी ओतलं. हे माप तिला कोणी दाखवलं, माहीत नाही. कॅमेरा बंद असताना कधीतरी घरी फोन झाला असणार.

गजर वाजतो. ती गॅस बंद करते. झाकणाला हात लावते, आणि काढून घेते. आच बंद झाल्यावर भात दहा मिनिटं तसाच राहू द्यायचा असतो, आतली वाफ वरच्या दाण्यांपर्यंत पोचावी म्हणून. ती ओट्याला टेकून उभी राहते. आज मॉडेलकडे जात नाही.

(दृश्य : झाकण. घड्याळ. दहा मिनिटं, न कापता.)