रिव्ह्यूची सावड

तुमच्यापैकी जे शेतकरी घरांतून आलेत, त्यांना सावड सांगायला नको. आज मी तुमच्या वावरात राबतो, उद्या तुम्ही माझ्या वावरात या. पैशाची देवघेव नाही, पण कुणाची सावड फेडायची राहिली आहे, ते गावाला तोंडपाठ असतं. पीअर रिव्ह्यू, म्हणजे एका संशोधकाचा पेपर छापण्याआधी त्याच विषयातल्या दुसऱ्या संशोधकांनी तपासून देणं, ही आपली सावडच आहे. फक्त इथे रेफरीचं, म्हणजे पेपर तपासणाऱ्याचं, नाव बहुतेकदा झाकलेलं असतं, त्यामुळे कोण राबलं आणि कोण नुसतं राबवून घेऊन गेलं, हे संपादकाखेरीज कुणाला दिसत नाही.

जैववैद्यकीय संशोधनाच्या २०१५ सालच्या रिव्ह्यूंचा अंदाज पुढच्या वर्षी ‘प्लॉस वन’ या जर्नलमध्ये आला. २० टक्के संशोधकांनी ६९ ते ९४ टक्के रिव्ह्यू केले होते. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त लागली: रिव्ह्यू करू शकतील अशी माणसं गरजेपेक्षा जास्तच होती. माणसं आहेत, पण तीच ती दारं ठोठावली जातात. वेळेत नीट रिपोर्ट देणाऱ्याकडे पुढचा पेपरही जातो.

माझ्या पीएचडीच्या काळात गाईड पेपर हातात देऊन म्हणायचे, “वाचून दोन पानं लिहून आण.” एका पेपरात मजकुरात बारा नमुने होते आणि आलेखावर ठिपके नऊच. तीन गेले कुठे, हे विचारायला मी रात्रभर आकडे जुळवत बसलो होतो. रिपोर्ट जसाच्या तसा गेला, खाली नाव गाईडचं. श्रेय गेलं याचं दुःख आहेच. पण त्याहून मोठं नुकसान असं, की संपादकाच्या यादीत माझं नाव चढलंच नाही. पुढचं आमंत्रणही त्यांनाच आलं. माणूस तयार झाला आणि कुणाला कळलं नाही.

२०१० साली जेरेमी फॉक्स आणि ओवेन पेची या दोन पर्यावरणशास्त्रज्ञांनी ‘पबक्रेड’ची कल्पना मांडली. पेपर पाठवायला तीन पबक्रेड खर्च, एक रिव्ह्यू केला की एक जमा. असं चलन मला थोडं कोरडं वाटतं, पण त्यामागचा हिशोब खरा आहे. तुमचा पेपर दोघं-तिघं वाचतात. नाकारला गेला आणि दुसऱ्या जर्नलला पाठवला, की आणखी दोघं-तिघं. हे देणं सगळ्या सहलेखकांनी मिळून फेडायचं असतं, आणि त्यातही ज्येष्ठांनी आधी.

आमच्या लॅबमध्ये फळ्याच्या कोपऱ्यात दोन आकडे असतात: पाठवलेले पेपर आणि केलेले रिव्ह्यू. पहिल्या वर्षी चार पेपर होते आणि रिव्ह्यू पाच. किमान तीन तरी देणं बाकी होतं. तेव्हापासून आम्ही काही गोष्टी पाळतो. नाही म्हणायचं असेल तर त्याच दिवशी कळवायचं, तीन आठवडे मेल दाबून ठेवायची नाही. नकारासोबत दोन तरुण नावं द्यायची. विद्यार्थ्याला सोबत घ्यायचं तर आधी संपादकाची परवानगी, कारण पेपर गोपनीय असतो, आणि रिपोर्टवर दोघांचीही नावं.

गेल्या महिन्यात माझी एक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन आली. संपादकाची मेल होती, थेट तिच्या नावाने. “सर, घेऊ का?” म्हणाली. तो पेपर आधी माझ्याकडे आला होता. मी नाही म्हटलं होतं आणि खाली तिचं नाव लिहिलं होतं.